दमून आल्यावर रात्री काय शिजवता? (एकटा माणूस, एकच शेगडी, पावसाळा)

कोरडवाहू, राजापूर

नमस्कार मंडळी. मी मूळचा बीडकडचा. पतसंस्थेत वसुलीला आहे, बदली होऊन राजापुरात आलोय. वसुली म्हणजे खुर्चीतलं काम नाही. सकाळी मोटारसायकल काढायची, एक दिवस ओणी-पाचल, दुसऱ्या दिवशी खाली नाटे-जैतापूर, आणि लोकांच्या पडवीत बसून हप्त्याचा विषय काढायचा. इथली माणसं हप्ता देवोत न देवोत, चहा देतातच. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोटात चहाच चहा, बाकी ठणठणाट. खोलीवर पोचायला आठ-साडेआठ होतात. रेनकोट असूनही बनियनपर्यंत भिजलेलो असतो आणि कंबर बोलत असते.

खोली एका घराच्या मागच्या अंगाला आहे. एका शेगडीचा गॅस, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक पातेलं, तवा. फ्रीज नाही. घरमालकीण काकूंकडे मासे चालतात, तसलं काही बंधन नाही, पण ताजी मासळी मला साफ करता येत नाही आणि रात्री साडेआठ वाजता ती विद्या शिकायची माझी इच्छाही नाही.

आत्तापर्यंतचं रात्रीचं जेवण म्हणजे मॅगी, नाहीतर स्टँडकडच्या एका खानावळीतली थाळी. तिथे एकच लाल रस्सा रोज नाव बदलून येतो. अर्जुनेचं पाणी जवाहर चौकात चढलं की तेवढंही नाही, मग चहा-बिस्कीट आणि चादर.

भाकरी मला येते, थापून येते, आईनेच शिकवली. पण दिवसभर हँडल धरलेल्या हातांनी पीठ मळायचं म्हणजे जिवावर येतं. आणि भाकरी झाली तरी तिच्याबरोबर काय, हा प्रश्न उरतोच. खिचडी सांगू नका, खिचडीचा वीट आलाय.

हवंय ते असं: गरम, पातळसर, घशाखाली सहज उतरणारं, अर्ध्या तासाच्या आत ताटात येणारं. भांडी कमीत कमी, कारण घासायचीही मलाच आहेत. आणि आणखी एक अडचण. आम्ही भाकरीवर वाढलेली माणसं. रात्री नुसता भात खाल्ला की मध्यरात्री भुकेने जाग येते. त्याला तुमच्याकडे काय इलाज आहे?

ता. क. काकूंनी कुळथाच्या पिठाची मोठी पिशवी दिलीय. "पिठी कर रे, बरं वाटेल" म्हणाल्या. कशी करायची हे विचारायच्या आत त्या लेकीकडे मुंबईला गेल्या. पिशवी फळीवर तशीच आहे.

सुरंगी, कुडाळ

भावा, येवढा काय विचारतंस? कुळथाची पिठी नि भात, वांगडा एक सुको बांगडो. ह्येच्यापुढे मोठ्या हाटेलातला जेवाण पण फिका. पिठाची पिशी फळयेर ठेवन मॅगी खातंस म्हणजे तुका काय म्हणाचा!

माडाखाली, वेंगुर्ले

सुरंगीचं बरोबर आहे, पण कृती न सांगताच पसार. मी सांगते.

आधी माझं. मी काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगला आहे. दिवसभर टेबलाशी गर निवडायचे: अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा वेगळा, कणी वेगळी, डाग पडलेला बाजूला. संध्याकाळी घरी आल्यावर कुठलीही वस्तू निवडायची म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो. पालेभाजी समोर दिसली तरी मी मान वळवते. म्हणून माझ्या घरचा नियम: कामाच्या दिवशी रात्री निवडणं नाही, सोलणं नाही, विळीवर बसणं नाही. ह्या नियमात जे बसतं ते शिजतं, आणि त्यात पहिला नंबर पिठीचा.

तुमची एकच शेगडी आहे ना? मग क्रम नीट ऐका, कारण सगळी गंमत क्रमातच आहे. खोलीत शिरलात की ओल्या कपड्यांनिशीच पाऊण वाटी तांदूळ धुवा आणि कुकरला लावा. पाणी तिप्पट, मऊ झाला पाहिजे. शिट्ट्या होईपर्यंत अंग पुसा, कपडे बदला. तीन-चार शिट्ट्या झाल्या की कुकर खाली उतरवा आणि उघडायची घाई करू नका. वाफ आपसूक जिरायला दहाएक मिनिटं लागतात. शेगडी मोकळी झाली, आणि तेवढ्याच वेळात पिठी होते. भात थांबत नाही, पिठी थांबत नाही, दोन्ही गरम.

आता पिठी. दोन मोठे चमचे पीठ शीग लावून घ्या आणि अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून बाजूला ठेवा. पाणी थंडच हवं. गरम पाण्यात कोरडं पीठ पडलं की गुठळ्या झाल्याच समजा, मग रवी फिरवून उपयोग नाही. आणि कालवायचं बोटांनी. चमच्याला गुठळी कळत नाही, बोटाला कळते. तळाशी चिकटलेलं पीठही बोटच खरवडून आणतं.

पातेल्यात चमचाभर तेल. चार-पाच लसूण पाकळ्या वाटीच्या बुडाने सालासकट ठेचा, सोलत बसू नका. मोहरी तडतडली की हिंग, मग लसूण. लसूण कडेने लाल होऊ द्या. बहुतेक लोक इथेच घाईला येतात, पिवळा झाला की पाणी ओततात, आणि मग पिठी सपक लागली म्हणून पिठाला नावं ठेवतात. लाल झाला की हळद आणि चमचाभर मसाला. मालवणी असेल तर उत्तम, नसेल तर साधं तिखट. मसाला जळायच्या आत दीड-दोन वाट्या पाणी, मीठ, दोन आमसुलं.

पाण्याला उकळी येऊ देऊ नका. बोट घालवेल इतकं कोमट झालं की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. आधी नुसतं गढूळ पाणी दिसेल आणि कच्च्या पिठाचा वास येईल. मग कडेने फेस धरतो आणि एकदम वर चढतो. ह्या वेळी मोबाईल बघितलात तर शेगडी पुसायला लागेल. गॅस बारीक करा. फेस बसतो, बुडबुडे जड होतात, पळ् पळ् वाजायला लागतात आणि कच्चा वास जाऊन भाजल्या कुळथाचा वास येतो. त्यानंतर पाच मिनिटं मंद आचेवर. झाली.

तुमच्याकडचं बेसनाचं पिठलं डोळ्यांसमोर आणू नका. पिठी डावातून धार लागून पडली पाहिजे. ताटात गेल्यावर ती आपोआप आळते, म्हणून पातेल्यात तुम्हाला "जरा पातळच झाली की" असं वाटलं तर ती बरोबर झालीय. ओलं खोबरं घरात असेल तर मूठभर वरून घाला, नसेल तर नारळ फोडत बसू नका. कोथिंबीर आणायला तर अजिबात बाहेर पडू नका. काही घरांत पिठीत कांदा घालतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण कांदा आला की विळी आली, आणि विळी आली की माझा नियम मोडला.

मऊ भातात खळगा करायचा, त्यात पिठी, वर तुपाची धार. पोह्याचा पापड त्याच शेगडीवर चिमट्याने भाजून घ्या. सांडगी मिरची तळलीत तर उरलेलं तेलही भातावर. सकाळी उरलेली पिठी वडीसारखी घट्ट झालेली असते. तिला भाकरी हवी, ती तुम्हाला येते म्हणता. पाणी घालून पुन्हा पातळ करायच्या भानगडीत पडू नका.

ज्या दिवशी एवढंही होणार नाही त्या दिवशी फुटी कढी. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची बाटली घेऊन ठेवा. दोन चमचे आगळ, दोन वाट्या पाणी, गुळाचा खडा, आणि वरून मोहरी, हिंग, लसूण, मिरचीची फोडणी. नारळाचं दूध नको, म्हणजे फाटायची भीती नाही. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चव बघितल्याशिवाय मीठ घालू नका. भातावर ओतायची, उरलेली पेल्यातून प्यायची.

आणि तेवढंही होत नसेल तर मऊ भात, मेतकूट, तूप, लोणचं. ह्याला कोणी आजाऱ्याचं जेवण म्हणालं तर म्हणू दे.

कोरडवाहू, राजापूर

ताई, बोटाने कालवायचं आणि कुकरची वाफ जिरेपर्यंतचा हिशोब, ह्या दोन्ही गोष्टी कुठल्या व्हिडिओत नव्हत्या. उद्या करतो. दोन शंका. एक म्हणजे आमसुलं नसली तर चिंच चालेल का? आमच्याकडे आंबट म्हटलं की चिंचच. दुसरी, पीठ पिशवीतच ठेवलंय आणि इथल्या हवेत तर मिठालाही पाणी सुटतं. ते टिकेल ना?

माडाखाली, वेंगुर्ले

चिंच चालते, पण चिंचेने रंग काळपट येतो आणि पिठी आमटीच्या वाटेला जाते. आमसुलं राजापूरच्या बाजारात कुठेही मिळतील. मऊ, काळी, जरा चिकट अशी बघून घ्या. कडक लाकूड झालेली जुनी असतात.

पीठ आजच्या आज पिशवीतून काढा. आधी ताटात पसरून बघा, जाळी धरली असेल तर दिसेल. नसेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर नुसतं गरम होईपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरलंत तर झाकणाला घाम येईल आणि सगळं फुकट. डब्यात ओला चमचा घालायचा नाही.

आगोट, हर्णै

ताजी मासळी साफ करता येत नाही म्हणता, मग सुकी घ्या की! साफ करायची कामं तिची आधीच झालेली. आणि तसंही सध्या ताज्याचे हालच आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आमच्या बंदरावर एरवी लिलावाला पाय ठेवायला जागा नसते, आत्ता बोटी वर ओढून शाकारलेल्या आहेत आणि कावळेसुद्धा कंटाळलेत. ह्या दिवसांत आमच्या घरात रोज काहीतरी सुकं असतंच.

तुमच्यासाठी जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी. दोन मुठी जवळा कोरड्या कढईत भाजायचा, सतत हलवत, चुरचुर वाजेपर्यंत. मग चाळणीत घालून हाताने चोळायचा. मिशा, पाय, वाळू खाली पडते. खाली काय पडलं ते एकदा बघा, म्हणजे ही पायरी पुन्हा कधी गाळणार नाही. नंतर पाण्यातून झटकन एकदा काढायचा, भिजत ठेवायचा नाही. त्याच कढईत तेल, दोन कांदे (वेंगुर्ल्याच्या ताईंची माफी मागून), कांदा मऊ झाला की लसूण, हळद, मसाला, जवळा, दोन आमसुलं, पाण्याचा हबका, झाकण. पाच मिनिटं. मीठ शेवटी आणि हात आखडून, जवळ्यात स्वतःचं असतं. भाकरीबरोबर हाच खरा जोडीदार. भातावर घ्यायचा असेल तर पाणी थोडं वाढवा.

सुका बांगडा त्याहून सोपा. खारा असेल तर दहा मिनिटं पाण्यात, मग पुसून तव्यावर दोन्हीकडून भाजा. एका बांगड्यात दोन रात्री निघतात, कारण तो चिमटी-चिमटीनेच खायचा असतो. भाजताना खिडकी उघडी ठेवा. शर्ट त्या खोलीत वाळत घातले असतील तर आधी बाहेर काढा. नाहीतर दुसऱ्या दिवशी वसुलीला जाल तिथे तुमच्या आधी बांगडा पोचेल.

घेताना एकच बघा: जवळा मुठीत दाबला तर कुरकुरला पाहिजे, लोळागोळा होता कामा नये. शहाण्याने मेमध्येच घ्यावा, पाऊस लागल्यावर बाजारातला मालही ओल धरतो. आता घेतलात तर घरी आणून लगेच भाजा आणि मगच बरणीत भरा. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, महाग असतात, ते पगाराच्या आठवड्यात.

दळणकांडण, गुहागर

सगळं वाचलं. कृती चोख आहेत. फक्त ते "दहा मिनिटांत पिठी" जरा खुपलं म्हणून लिहितेय.

दहा मिनिटांत होते, खरंय. कारण काकूंनी आधी कुळीथ निवडले, भाजले, जात्यावर भरडले, सुपात पाखडून फोलं उडवली आणि मग दळले. आमसूल दोन सेकंदांत पातेल्यात पडतं, कारण कोणीतरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडून सालं उन्हात घातली, रसात बुडवली, परत वाळवली, परत बुडवली, आणि मेमधल्या वळवाच्या सरीला घाबरून तीनतीनदा आत-बाहेर केली. पोह्याचे पापड कुटताना खांदे निघतात. तुमचं रात्रीचं काम आमच्या उन्हाळ्यात झालेलं असतं, एवढंच. तक्रार नाही हो. पण काकू मुंबईहून आल्या की पीठ संपल्याचं सांगताना रिकामा डबा नुसता परत देऊ नका.

दुसरं. तुम्ही एकटे आहात, फारच कंटाळा आला तर बिस्कीट खाऊन झोपता. मी शाळेत क्लार्क आहे, घरी येते तेव्हा माझ्यासकट सहा माणसं जेवायची असतात. मीही दमलेलीच असते. तेव्हा आमच्याकडे होते उकड. गुहागरात एकीला विचाराल तर दुसरी कृती सांगेल, माझी ही.

दर वाटीभर तांदळाच्या पिठाला तीन वाट्या आंबट ताक. फ्रीज नाही म्हणजे तुमचं ताक आंबट असणारच, अडचणीचा फायदा घ्या. पीठ ताकात मोडून घ्यायचं, मीठ घालायचं. फोडणीला तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरचीचे तुकडे, आणि लसूण चांगला दहा-बारा पाकळ्या. आलं असेल तर किसून. त्यात ताक-पीठ ओतायचं आणि ढवळायचं, थांबायचं नाही. तीन-चार मिनिटांत ते आळायला लागतं, डाव जड होतो. मग झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा. पीठ शिजल्यावर चमक येते. पांढरं निस्तेज दिसतंय तोवर कच्चं आहे. ताटात घेऊन मध्ये कच्चं तेल किंवा तूप, आणि गरम असतानाच खायची. गार उकड मी कोणाला वाढत नाही.

एकट्याला पाऊण वाटी पीठ भरपूर. पातेलं लगेच पाण्यात घाला, नाहीतर घासताना माझी आठवण काढाल, आणि चांगली नव्हे.

आमच्याकडे गुरुवार नवऱ्याचा असतो. तो फक्त घावन करतो, पण करतो. तांदळाचं पीठ, दुप्पट पाणी, मीठ, बिडाचा तवा कडक तापवून. दर वेळी कांद्याने तवा पुसताना "आता तेल लावू ना?" असं विचारतो. मी आतल्या खोलीतून हो म्हणते.

माडाखाली, वेंगुर्ले

गुहागरच्या ताई, पटलं. मीसुद्धा पीठ घरी करत नाही. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायका करतात, त्यांच्याकडून पैसे मोजून आणते. आई होती तोवर घरचं जातं फिरायचं. आता ते अंगणात तुळशीशेजारी आहे, त्यावर मांजर बसतं. विकतच्या पिठात फोलं जरा जास्त असतात, चाळून घेते. कमीपणा काही नाही त्यात. कारखान्यातून येऊन कुळीथ पाखडायचे म्हणजे माझी निवडण्याची दुसरी पाळी.

वस्तीची गाडी, लांजा

मी एसटीला ड्रायव्हर. मध्यरात्रीच्या भुकेचं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात मुक्काम आणि सकाळी पहिली फेरी. गावात हॉटेल नसतं. कंडक्टर तिकिटाचा हिशोब जुळवत बसतो तोवर शिजवायचं काम माझं, गेली कित्येक वर्षं असंच. सकाळी घाटात गाडी उतरवायची असते, त्यामुळे रात्री तडस लागेल असं खाऊन चालत नाही आणि उपाशी राहूनही चालत नाही. आमचं ठरलेलं जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज.

तुम्ही पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाता, तो लगेच जिरतो. उकडा तांदूळ म्हणजे भात टरफलासकट वाफवून, वाळवून मग सडलेला. वाफवताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि शितं घट्ट राहतात. दाणा जाड, तांबूस असतो, पहिल्या दिवशी त्याचा वास तुम्हाला आवडणार नाही. दोन-तीनदा खा, मग पांढरा भात पाणचट वाटेल.

अर्धी वाटी उकडा तांदूळ, चार वाट्या पाणी, मीठ. तुमच्या तीन लिटरच्या कुकरात एवढंच घाला, जास्त भरलंत तर शिट्टीतून पेज उडेल. सहा-सात शिट्ट्या, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. शेगडी अडकते म्हणाल तर अडकू दे. तोवर गरम पाण्याची बादली नसली तरी थंड पाण्याने आंघोळ उरका, भिजून आलेल्या माणसाला तेच बरं. शीत बोटाने चेपलं गेलं पाहिजे पण पीठ होता कामा नये. वरचं पाणी गरम गरम आधी प्यायचं. दिवसभर रेनकोटात आखडलेली पाठ तिथेच निम्मी सुटते. मग खालचा भात, त्याबरोबर खारातली कैरी किंवा हर्णैवाल्यांचा बांगडा.

पिठी-भातच खायचा असेल तर प्रमाण उलटं करा. भात कमी, पिठी जास्त. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसएक ग्रॅम प्रथिनं असतात, आमच्या डेपोच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. लोक ढीगभर भात घेतात आणि त्यावर डावभर पिठी, मग भूक लागली म्हणतात.

आणि चहा कमी करा. प्रत्येक पडवीत घेतलाच पाहिजे असं नाही. "पाणी द्या" म्हटलं तर इथे कोणाला राग येत नाही, पाण्याबरोबर गूळ येतो. तो खा.

कोरडवाहू, राजापूर

मंडळी, काल पिठी केली. फेस वर चढला तेव्हा दारात कोणीतरी हाक मारली, मी गेलो नाही. शेजारचा पोरगा होता, लाईट बिल द्यायला आलेला. वास आल्यावर तो आत आला आणि वाटीभर पिऊन गेला. लसूण लाल करायचं बरोबर जमलं. भात कमी, पिठी जास्त घेतली, एक पापड भाजला. झोप सलग लागली. उकडा तांदूळ ओणीच्या बाजारातून आणलाय, त्याची पाळी रविवारी, आधी सुट्टीच्या दिवशी करून बघतो.

काकूंसाठी गावाहून येताना ज्वारी आणणार आहे. हुरड्याचे दिवस असते तर हुरडाच आणला असता.

आता एक शेवटचं. पिठाच्या पिशवीत तळाशी कागदाची पुडी निघाली. त्यात लवंगेहून मोठी, काळपट, तोंड उघडलेली बोंडं आहेत. वास संत्र्याच्या सालीसारखा, पण तिखट. मिरीसारखी दिसतात, मिरी नाही. ही पिठीत घालायची होती का?

माडाखाली, वेंगुर्ले

तिरफळं ती. पिठीत नाही घालत. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट रश्श्यात घालतात, काही जण तुरीच्या डाळीतही घालतात. आत काळं चकचकीत बी असेल तर ते काढून टाका, कडू आणि कचकचीत लागतं. वरची टरफलं किंचित ठेचायची आणि रस्सा शिजत आला की टाकायची, फोडणीत जाळायची नाहीत. एका वेळेला पाच-सहा पुरेत. जेवताना बाजूला काढा. चावलंत तर जीभ बधिर होईल आणि पुढच्या घासाची चवच कळणार नाही.

सुरंगी, कुडाळ

काकवेन पिठात तिरफळां घातली ती किडीसाठी असतली रे, वासान पोरकिडे येनत नाय म्हणतत. परत डब्यात टाक. थोडी काढन ठेव, ऑगस्टात बांगडे गावले की तिखला कर नि माका सांग. येतंय जेवक.